विचारू की नको?

प्रश्न : माझे पती सुभेदार म्हणून निवृत्त झाले. रात्र-रात्र झोपत नाहीत, 'आता माझा काय उपयोग?' म्हणतात. जिवाचं बरंवाईट करतील का, अशी भीती वाटते. त्यांना विचारू का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, जरूर विचारा, तेही थेट : 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळं होतं. 'हो' म्हणाले तर वाद घालू नका, त्यांना एकटं सोडू नका. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती पोलीस ठाण्यात जमा करा, फवारणीची औषधं कुलपात ठेवा. माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांसाठी रेफरल मिळतं. 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो; मराठीतही बोलता येतं. धोका तातडीचा वाटला तर वाट न पाहता ११२ लावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.