पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनची अचूक चाचणी

पाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना निर्जंतुक असले, तरी तेवढे पुरेसे नसते. वाटेत शिरणाऱ्या जंतूंचा नाश करण्याइतका क्लोरीन त्यात शिल्लक असावा लागतो. त्यास ‘अवशिष्ट मुक्त क्लोरीन’ म्हणतात. बंगळूरला येणारे कावेरीचे पाणी तोरेकाडनहळ्ळी येथे शुद्ध होऊन सुमारे १०० किलोमीटर अंतर कापते. बनशंकरीसारख्या वसाहतींत ते पुढे घराच्या सम्पमध्ये व गच्चीवरील टाकीत साठते. या प्रत्येक टप्प्यावर क्लोरीन घटत जातो. कूपनलिकेच्या पाण्यात तो मुळातच नसतो. टँकरच्या पाण्यात असेलच असे नाही.

किती क्लोरीन असावा?

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार ग्राहकाच्या नळाला प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा. विषाणूंपासून संरक्षण आवश्यक असेल तेव्हा हे प्रमाण किमान ०.५ मिलिग्रॅम असावे. पर्यायी स्रोत नसल्यास १ मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण चालते.

नमुना घेताना

१. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा. स्वच्छ काचेची बाटली त्याच पाण्याने विसळून काठोकाठ भरावी व घट्ट बंद करावी.
२. बाटली उन्हात ठेवू नये. सूर्यप्रकाशात क्लोरीन झपाट्याने नाहीसा होतो.
३. चाचणी शक्यतो नळाजवळच, नमुना घेताच करावी. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आलेला आकडा त्या बाटलीतील पाण्याचा असतो, आपल्या नळाचा नव्हे.
४. जीवाणू तपासणीची बाटली क्लोरीनसाठी वापरू नये. तीत सोडियम थायोसल्फेट घातलेले असते व ते क्लोरीन तत्काळ नष्ट करते. अशा बाटलीतील नमुना नेहमीच ‘शून्य’ दाखवील.

प्रयोगशाळेतील चाचणी

महाराष्ट्रातील गावांत पिवळा रंग दाखवणारी ‘ओटी चाचणी’ अनेकांना परिचित आहे. त्यातील ऑर्थोटोलिडीन हे रसायन आरोग्यास घातक मानले जाते. शिवाय मुक्त व संयुक्त क्लोरीनमधील भेद त्यावरून नेमका कळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत ‘डीपीडी’ पद्धत अधिक पसंत केली जाते. तीत मुक्त क्लोरीनमुळे पाणी गुलाबी होते आणि रंगमापकावर त्याचे प्रमाण मोजता येते.

अचूकतेसाठी पुढील काळजी घ्यावी :

• रसायन घालण्यापूर्वी त्याच नमुन्यावर उपकरण शून्यावर आणावे. काचनळी बाहेरून पुसावी.
• रसायन घातल्यानंतर एका मिनिटाच्या आत वाचन घ्यावे. विलंब झाल्यास अमोनियाशी जोडला गेलेला संयुक्त क्लोरीनही रंग देऊ लागतो व मुक्त क्लोरीन प्रत्यक्षाहून अधिक भासतो. असा फसवा आकडा कुटुंबास खोटा दिलासा देतो.
• क्लोरीन फार जास्त असल्यास गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि पाणी क्लोरीनरहित वाटते. शंका आल्यास क्लोरीनरहित ऊर्ध्वपातित पाण्याने नमुना सौम्य करून पुन्हा तपासावा. पाचपट सौम्य केलेल्या नमुन्यात ०.६ आल्यास मूळ प्रमाण ३ मिलिग्रॅम समजावे.
• मुदत संपलेले किंवा रंग बदललेले रसायन वापरू नये. चाचणी दोनदा करावी.

निष्कर्ष कसा वाचावा?

घरात तीन ठिकाणी तपासणी करावी : बाहेरून येणारा नळ, सम्प व गच्चीवरील टाकी. येणाऱ्या पाण्यात क्लोरीन योग्य, परंतु टाकीत शून्य असल्यास साठवणीत दोष असण्याची शक्यता अधिक. टाकी रिकामी करून धुवावी व झाकण बसवावे. येणाऱ्या पाण्यातच तो ०.२ पेक्षा कमी असल्यास पाणीपुरवठा मंडळास कळवावे आणि पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे.

क्लोरीन आढळला म्हणजे पाण्यात नायट्रेट वा फ्लोराइड नाही, असे समजू नये. कूपनलिकेच्या पाण्याची रासायनिक तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी.

घरात कोणास जुलाब सुरू झाल्यास पाण्याच्या अहवालाची वाट पाहू नये. जलसंजीवनी त्वरित सुरू करावी. बालक सुस्त झाले, त्याचे डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर विलंब न करता रुग्णालयात न्यावे.