बारा तासांची शिफ्ट आणि हवेतला वायू

सित्राची रिफायनरी, अमोनिया-युरियाचा कारखाना, अस्करजवळचा अल्युमिनियमचा प्रकल्प, हिद्दची जहाजदुरुस्तीची गोदी. आपल्यापैकी बऱ्याच घरांतला मिळवता माणूस यांपैकी कुठे तरी कामाला जातो. तिथल्या हवेविषयी थोडे.

हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास दहा लाख भागांत एक भागाहून कमी वायू असतानाही येतो. मात्र प्रमाण १०० भागांच्या आसपास गेले की नाकच बधिर होते. वाटते, वायू गेला. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. हवेपेक्षा जड असल्याने तो खड्ड्यात, टाकीच्या तळाशी साचतो. आत पडलेल्या सोबत्याला काढायला तसेच उतरणारा बहुधा दुसरा बळी ठरतो. भरवसा मीटरवर ठेवावा.

बेंझिनचे तसे नाही. कमी प्रमाणात ते त्या क्षणी सहसा जाणवत नाही. वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. अमेरिकन नियमात त्याची मर्यादा दहा लाखांत १ भाग आहे, पण ती ८ तासांची सरासरी. शटडाऊनमध्ये शिफ्ट १२ तासांची होते तेव्हा काय? ब्रीफ आणि स्काला या तज्ज्ञांनी १९७५ मध्ये मांडलेल्या हिशेबाने मर्यादा निम्मी, म्हणजे अर्धा भाग धरावी लागते. कारण श्वासातून जाणारे प्रमाण दीडपट होते आणि शरीराला ते बाहेर टाकायला १६ ऐवजी १२च तास उरतात. ओव्हरटाइमच्या दिनारांची बेरीज आपण चोख करतो, ही वजाबाकी सहसा कोणी करत नाही! सेफ्टी ऑफिसरला जरूर विचारावे: रीडिंग कोणत्या मर्यादेशी ताडले, आठ तासांच्या की बारा?

मास्क हा शेवटचा उपाय. गळती थांबवणे, वायू उगमापाशीच ओढून घेणे हे आधी. धुळीचा कागदी मास्क वायू अडवत नाही, दाढी असल्यास रबरी मास्कही नीट बसत नाही, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या टाकीत फिल्टरचा मास्क निरुपयोगीच.

आता पैशाचे. बहारीनच्या १९७६ च्या सामाजिक विमा कायद्यात कामावरच्या इजेत व्यवसायजन्य आजारही धरले आहेत, आणि त्याचा विमा परदेशी कामगारालाही लागू आहे. हप्ता मालक भरतो. पण असे आजार उशिरा उघडकीस येतात, तोवर आपण सांगली-साताऱ्याला परतलेले असतो. म्हणून दरवर्षीच्या रक्ततपासणीची, फुप्फुसाच्या चाचणीची आणि हवेच्या रीडिंगची झेरॉक्स प्रत मागून घरच्या फाइलीत ठेवावी, आणि ती फाइल कुठे आहे हे घरच्यांनाही सांगून ठेवावे.