परवचा

मी एका खेड्यातील शाळेत मुख्याध्यापक असतानाची ही गोष्ट आहे. सहामाही परीक्षेचा निकाल नुकताच लागला होता. मधल्या सुट्टीत सातवीतील एक मुलगी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"काय झाले, बाळ?" मी विचारले.

"गुरुजी, मला शाळा सोडायची आहे," ती खाली पाहत म्हणाली. "चाचणीच्या आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत जागून मी इतिहासाचे धडे पाठ केले होते. चाचणीत ते मला आलेही. पण सहामाहीला त्याच धड्यांवर प्रश्न आले, तर एकही सन आठवला नाही. माझ्या डोक्यात काही राहतच नाही."

मी क्षणभर विचार केला आणि तिला म्हणालो, "बरे, सतराचा पाढा म्हणून दाखव पाहू."

तिने तो न अडखळता म्हटला. एकोणतीसचाही म्हटला.

"हे तुला कोणी शिकवले?"

"आजीने. ती रोज दिवेलागणीला आमच्याकडून परवचा म्हणवून घेते."

"मग ज्या डोक्यात एकोणतीसचा पाढा इतकी वर्षे राहिला, त्या डोक्यात काही राहत नाही असे कसे म्हणतेस?" मी विचारले. तिला उत्तर सुचले नाही; पण तिचे रडणे मात्र थांबले.

मुलांनो, परवचा हा शब्द तुमच्यापैकी काहींना अपरिचित असेल. पूर्वी महाराष्ट्रातील अनेक घरांत सायंकाळी देवापुढे दिवा लागला, की मुले हातपाय धुऊन ओळीने बसत आणि पाढे, पावकी, निमकी, तिथी, महिने, नक्षत्रे व श्लोक मोठ्याने म्हणत. हाच परवचा. त्याला फार वेळ लागत नसे; परंतु त्यात खंड सहसा पडत नसे. आज म्हटलेले उद्या पुन्हा म्हणायचे, आणि मध्ये एक रात्र व एक दिवस जाऊ द्यायचा, ही त्याची रीत होती. त्या मुलीने पाढे या रीतीने शिकले होते, आणि इतिहास मात्र एका रात्रीत. दोष तिच्या डोक्यात नव्हता. तो पाठ करण्याच्या रीतीत होता.

या दोन रीतींतील अंतर किती मोठे आहे, हे एका जर्मन विद्वानाने मोजून दाखविले आहे. त्यांचे नाव हर्मान एबिंगहाउस. स्मरणशक्तीचे मोजमाप करता येईल, असे त्या काळी फारसे कोणाला वाटत नसे. एबिंगहाउस यांनी १८७९ मध्ये या कामास आरंभ केला, आणि प्रयोगासाठी माणूस निवडला तो स्वतःलाच! ओळखीचा शब्द लवकर पाठ होतो, म्हणून त्यांनी दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून सुमारे २३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले. 'नुप', 'केफ' असे काही उच्चार कल्पनेत आणा, म्हणजे त्यांचे स्वरूप ध्यानात येईल. अशा समूहांच्या माळा करून त्या ते पाठ करीत, काही काळ जाऊ देत, आणि त्याच माळा पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती श्रम वाचले, हे मोजत.

त्यांना काय आढळले? वीस मिनिटांनंतर पुन्हा पाठ करताना सुमारे ५८ टक्के श्रम वाचत. एक दिवस गेल्यावर ही बचत सुमारे ३४ टक्क्यांवर येई, आणि ३१ दिवसांनंतर सुमारे २१ टक्क्यांवर. म्हणजे विसरण्याचा वेग आरंभी फार मोठा असतो, पुढे तो मंदावत जातो. विसरणे हे मंदबुद्धीचे लक्षण नव्हे. ते विद्वानालाही चुकत नाही.

त्यांचा दुसरा शोध आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. बारा अक्षरसमूहांची माळ एकाच दिवशी ६८ वेळा घोकल्याने दुसऱ्या दिवशी जेवढा लाभ होई, तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागून केवळ ३८ वेळा म्हटल्याने होई. श्रम जवळजवळ निम्म्यावर आले, आणि फळात मात्र उणे काही पडले नाही. ही सर्व हकीकत त्यांनी १८८५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

असे का व्हावे? शेतकरी जाणतो, की सारे पाणी एकाच वेळी शेतात लोटले तर त्यातील बरेच वाहून जाते. तेच पाळ्यांनी दिले तर मुळांपर्यंत मुरते. मनाचेही तसेच आहे. एखादी ओळ एकापाठोपाठ वीस वेळा म्हणताना ती जिभेवर घोळतच असते. तिला शोधण्याचे श्रम मनाला पडत नाहीत. मध्ये एक दिवस गेला, की ती थोडी धूसर होते आणि मनाला तिचा माग काढावा लागतो. हा माग काढण्याचा प्रयत्नच स्मृती बळकट करतो. शिवाय दोन उजळण्यांच्या मध्ये येणारी झोपही व्यर्थ जात नाही. दिवसा शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतही करीत असतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारा विद्यार्थी आपल्या मदतनिसालाच हाकलून देत असतो.

मग हा सोपा मार्ग सारेच का स्वीकारत नाहीत? याचे उत्तर ब्रिटनमधील एका प्रयोगात मिळते. तेथील टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांना पत्रांच्या वर्गवारीसाठी टंकलेखन शिकायचे होते. अॅलन बॅडली आणि त्यांचे सहकारी लाँगमन यांनी त्यांचे गट पाडले. एक गट दिवसाला एकच तास सराव करी. दुसरा दिवसाला चार तास. १९७८ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कळांच्या जागा शिकण्यास पहिल्या गटाला सुमारे ३५ तास पुरले. दुसऱ्याला सुमारे ५० तास लागले. तरीही असमाधानी राहिला तो पहिलाच गट! दिवस अधिक लागत असल्यामुळे आपण मागे पडत आहोत, असे त्यांना वाटे.

येथेच आपली फसगत होते. एका रात्रीत घोकलेले दुसऱ्या दिवशी पुष्कळसे आठवते, म्हणून ती रीत खरी वाटते. थांबून थांबून शिकताना मध्ये थोडे विसरायला होते, म्हणून ही रीत खोटी वाटते. परंतु महिन्याने तपासून पाहिले, म्हणजे खरेखोटे उघड होते.

त्या मुलीला मी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या: 'आज धडा समजून घे. उद्या पुस्तक मिटून आठव. चार दिवसांनी पुन्हा आठव. पंधरा दिवसांनी आणि मग महिन्याने पुन्हा.' आणि बजावले, "पुस्तक उघडे ठेवून नुसते वाचत बसणे ही उजळणी नव्हे. आधी आठवून पाहा. जेथे अडेल तेथेच पुस्तक उघड. अडलीस म्हणून घाबरू नकोस. अडण्यातूनच पुढचे पक्के होते."

पहिल्या आठवड्यात ती हिरमुसून आली आणि म्हणाली, "गुरुजी, चार दिवसांनी निम्मे विसरले होते." मी म्हणालो, "निम्मे उरले होते ना? आता उरलेले निम्मे शोध." तिने नेट सोडला नाही. आजीच्या परवच्यात तिने पाढ्यांच्या जोडीला इतिहासातील सनावळीही घातली. आजीला लिहितावाचता येत नव्हते. पण नात कोठे अडली, हे तिला बरोबर कळे.

वार्षिक परीक्षेत ती पहिली आली नाही. परंतु इतिहासात ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, आणि जूनमध्ये आठवीच्या वर्गात तिने आपली जागा घेतली. 'माझ्या डोक्यात काही राहत नाही' हे वाक्य तिच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकले नाही.

स्वाध्याय

१. मुख्याध्यापकांनी मुलीला सतराचा पाढा म्हणावयास का सांगितले असावे?
२. एबिंगहाउस यांनी प्रयोगासाठी निरर्थक अक्षरसमूह का निवडले?
३. कमी तासांत शिकूनही टपाल कर्मचाऱ्यांचा पहिला गट असमाधानी का राहिला?
४. शेताला पाणी देणे आणि धडा पाठ करणे यांतील साम्य आपल्या शब्दांत सांगा.
५. आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना परवच्याविषयी विचारा आणि मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.
६. आवडीची एक कविता वर सांगितलेल्या रीतीने पाठ करा. महिन्याने ती वर्गात म्हणून दाखवा.