रानडुकरांचा बंदोबस्त : आमिष आणि शिकार

भुईमूग भरत आला, मक्याची कणसे दुधावर आली किंवा हरभऱ्यास घाटे धरले, की रानालगतच्या शिवारात रानडुकरे उतरू लागतात. कळप जेवढे खातो, त्याहून अधिक पीक तो उकरून व तुडवून वाया घालवितो. त्याचा बंदोबस्त करणे शेतकऱ्यास भागच आहे. मात्र उपाय माणसांच्या जिवावर उलटू नये, ही दक्षता प्रथम घेतली पाहिजे.

रानडुकराचे नाक तीक्ष्ण, दृष्टी मंद. दिवसा ते झुडपांत किंवा ओढ्याकाठच्या चिखलात पडून राहते व रात्री चरावयास निघते. माद्या व पिले कळपाने हिंडतात. जुना नर बहुधा एकटा असतो. मादी सुमारे चार महिन्यांत विते व एका वेळी बहुधा चार ते सहा पिले देते. म्हणूनच एखादा नर मारल्याने उपद्रव संपत नाही.

काही ठिकाणी पिठाच्या गोळ्यात अथवा फळात स्फोटके किंवा विष घालून ठेवतात, तर कोठे कुंपणात विजेचा प्रवाह सोडतात. आमिष डुकरासाठी ठेवले, तरी ते गुरे, कुत्री व मुले यांच्याही हाती-तोंडी लागते. केरळातील पालक्काड जिल्ह्यात मे २०२० मध्ये खाद्यात दडविलेल्या स्फोटकांनी जखमी होऊन एक गाभण हत्तीण मेली. विजेच्या तारेने तर पहाटे पाणी द्यावयास निघालेले शेतकरीही दगावले आहेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. फास लावणे, सापळा मांडणे व आमिष दाखविणे हीही शिकारच होय. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकास धोका असल्यास कलम ११ खाली लेखी परवानगीने त्याची शिकार करता येते.

याकरिता पुढील क्रम पाळावा :

१. ताजे उकरलेले रान, खुरांचे ठसे व येण्याची वाट पाहून ठेवावी.

२. नुकसान होताच तीन दिवसांच्या आत वनखात्यास कळवून पंचनामा करवून घ्यावा व भरपाईचा अर्ज द्यावा.

३. शिकारीच्या परवानगीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा.

४. परवानगी मिळाल्यावर परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या जाणकारानेच माळ्यावरून, वस्तीकडे पाठ करून, गोळी झाडावी. त्या रात्री शिवारात कोणी फिरू नये.

५. जखमी डुकराचा अंधारात माग काढू नये. ते उलटून अंगावर येते.

६. मेलेले जनावर शासनाची मालमत्ता असते. त्याची खबर द्यावी. मांस वाटून घेऊ नये.

शिकारीने तेवढ्यापुरता दिलासा मिळतो. कायमचा बंदोबस्त साधावयाचा, तर सौर कुंपण व आळीपाळीची राखण यांची जोड हवी. एकाच शेतास कुंपण घातले, तर कळप शेजारच्या शेतात शिरतो. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बांधालगतच्या सर्व शेतकऱ्यांस पेरणीपूर्वीच एकत्र बसवावे आणि राखणीच्या पाळ्या ठरवून घ्याव्यात.