भूकंप आणि शाळेची पूर्वतयारी

22 मे 1997 रोजी पहाटे सव्वाचारनंतर जबलपूरची भूमी हादरली. सुमारे 6 परिमाणाच्या या भूकंपाचा उगम शहराच्या आग्नेयेस, नर्मदा-सोन विभंगपट्ट्यात, भूपृष्ठाखाली सुमारे 35 किलोमीटर खोलीवर होता. सुमारे 40 माणसे दगावली. त्या वेळी शाळा रिकाम्या होत्या. हाच धक्का शाळेच्या वेळात बसता, तर गोरखपूरसारख्या दाट वस्तीत वर्ग मुलांनी भरलेले असते.

भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. परंतु बहुतेक जीवितहानी पडत्या घरांमुळे होते, आणि ती टाळणे माणसाच्या हाती असते. मातीच्या दर्जांत रचलेल्या विटांच्या भिंती आडव्या हेलकाव्याने एकमेकींपासून सुटतात; चारही भिंतींवरून फिरणारा सलोह काँक्रीटचा पट्टा त्यांना एकत्र बांधून ठेवतो. वर्गातील कपाटेही भिंतीस जखडलेली असावीत.

धक्का जाणवताच मुलांनी धावू नये. मजबूत बाकाखाली शिरून डोके झाकावे व बाकाचा पाय घट्ट धरावा. हादरे थांबल्यावर रांगेने मोकळ्या मैदानात जावे. ऐनवेळी हे आठवत बसण्यास अवकाश नसतो. म्हणून वर्षातून अनेकदा सराव करून ते अंगवळणी पाडावे.