शिरगणतीतला तिसरा आकडा

शिरगणतीचा माणूस दारात येतो. घरात माणसे किती? पुरुष किती? बायका किती? तो विचारतो आणि लिहून घेतो.

२०११ सालच्या शिरगणतीत एक नवी सोय झाली. पुरुष असेल तर १ लिहायचा. बाई असेल तर २. ज्याला या दोन्हींत बसायचे नाही त्याच्यासाठी ३. हा तिसरा आकडा म्हणजे ‘इतर’.

हे इतर कोण? बाळ जन्मते. सुईण अंग पाहून सांगते, मुलगा झाला किंवा मुलगी झाली. बहुतेकांना मोठेपणीही तेच खरे वाटते. पण काहींना तसे वाटत नाही. मुलगा म्हणून वाढलेल्याला आतून वाटते, मी बाई आहे. मुलगी म्हणून वाढलेल्याला वाटते, मी पुरुष आहे. कुणाला या दोन्हींपैकी काहीच वाटत नाही. अशा माणसांना तृतीयपंथी किंवा पारलिंगी म्हणतात. जन्मापासून अंगातच फरक असलेली काही माणसेही तिसऱ्या आकड्यात आली.

हे सोंग नव्हे. कुणाची करणी नव्हे. वेडही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांची नवी यादी मंजूर केली. तेव्हा ही गोष्ट मनाच्या रोगांतून काढून टाकली.

आता आपण हिशेब करू या. २०११ साली देशात सुमारे १२१ कोटी माणसे होती. त्यांत तिसरा आकडा लिहिलेली ४,८७,८०३ भरली. म्हणजे सुमारे अडीच हजारांत एक. महाराष्ट्रात ती ४०,८९१ होती.

मग एवढीच का ही माणसे? थांबा. २०२४ साली लोकसभेची निवडणूक झाली. मतदारयादीत तृतीयपंथी म्हणून नोंद झालेले सुमारे ४८ हजार होते. शिरगणतीच्या दहाव्या हिश्श्याइतके! लहान मुले मतदार नसतात, हे खरे. पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. माणसे कमी झाली नाहीत. कागदावर कमी आली.

असे का होते? शिरगणतीवाला दारात विचारतो तेव्हा उत्तर बहुधा घरचा कर्ता देतो. तो म्हणतो, “आमच्यात असलं काही न्हाई.” कुणी लाजेने गप्प बसतो, कुणी भीतीने. भीतीला कारणही आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. उत्तरेकडच्या काही प्रांतांत हिजड्यांची नोंदवही ठेवली. नोंद झालेला माणूस रस्त्यात बाईच्या वेशात दिसला की त्याला पकडता येई. नाव लिहिले की संकट आले, असा तो काळ होता.

आता दुसऱ्या एका देशाचे पाहू. कॅनडात २०२१ सालच्या शिरगणतीत दोन प्रश्न विचारले. जन्मताना तुमची नोंद काय झाली? आज तुम्ही स्वतःला काय समजता? १५ वर्षे व त्यापुढच्या लोकांत १,००,८१५ जणांची दोन उत्तरे जुळली नाहीत, किंवा त्यांनी स्वतःला पुरुषही म्हटले नाही आणि बाईही नाही. म्हणजे सुमारे तीनशेंत एक. तो देश वेगळा, आपला वेगळा. त्यांचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण विचारले की माणसे सांगतात, एवढे त्यावरून कळते.

त्यात आणखी एक गोष्ट दिसली. मुलगा म्हणून नोंद झालेल्या आणि स्वतःला बाई समजणाऱ्या ३१,५५५ जणी निघाल्या. मुलगी म्हणून नोंद झालेले आणि स्वतःला पुरुष समजणारे २७,९०५ निघाले. फरक थोडाच आहे.

आपल्याकडे पहिल्या तऱ्हेची माणसे बाजारात, जत्रेत दिसतात. दुसऱ्या तऱ्हेची दिसत नाहीत. ती नाहीत असे नव्हे. त्यांना घरात कोंडतात किंवा लवकर लग्न लावून देतात. महाभारतातला शिखंडी द्रुपदाच्या घरी मुलगी म्हणून जन्मला आणि पुरुष म्हणून रणात लढला. ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. घरात मात्र ऐकून घेत नाही.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले. आमच्या हजेरीपटात दोनच रकाने होते, मुलगे आणि मुली. एक मूल रोज मुलग्यांच्या रांगेत जाऊन बसे. आम्ही त्याला रोज उठवून मुलींच्या रांगेत बसवत असू. चौथीनंतर ते शाळेत आले नाही. त्या मुलाच्या मनात काय होते, हे आम्ही एकदाही विचारले नाही. ती चूक आमची.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तृतीयपंथी माणसे या देशाचे नागरिक आहेत, सगळे हक्क त्यांनाही आहेत, असे सांगितले. २०१९ साली संसदेने कायदा केला. शाळेत, दवाखान्यात, कामावर दुजाभाव करू नये, घरातून हाकलू नये, असे त्यात लिहिले.

पण कायदा उंबऱ्याच्या आत आपण होऊन येत नाही. त्याला आत घ्यावे लागते. आपल्या घरचे मूल उद्या असे काही बोलले, तर त्याला मारू नये. हसू नये. जवळ बसवावे आणि ऐकावे. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. कागदावर घरच्या माणसाची खरी नोंद करणे, हेही लिहिण्याचेच काम आहे.

वाचा आणि सांगा

१. २०११ च्या शिरगणतीत तिसरा आकडा कशासाठी होता?
२. शिरगणतीतला आकडा मोठा आणि मतदारयादीतला लहान. असे का झाले असेल?
३. मुलगी म्हणून वाढलेली आणि स्वतःला पुरुष समजणारी माणसे आपल्याला का दिसत नाहीत?
४. त्या मुलाशी शिक्षकांनी कसे वागायला हवे होते? आपल्या वर्गात बोला.