बीज आधी की तळं आधी?

यंदाचा निधी भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांसाठी (म्हणजे माजी मालगुजारी तलावांसाठी) द्यायचं ठरल्यावर पहिली सूचना आली ती अशी : मत्स्यबीज विकत घेऊन द्या. सूचना सरळ आहे. इतक्या युरोत इतकी बोटुकली, देणगीदारालाही हिशेब चटकन कळतो. तरी त्याआधी आपल्या दाराशीच घडलेली एक गोष्ट समजून घ्यावी असं आम्हाला वाटतं.

हार्डरवाइकला रस्ता पाण्याखालून जातो. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना तो जलसेतू हमखास दाखवतो. वरचं पाणी व्हेलुवेमेर तलावाचं. १९५७ साली पूर्व फ्लेव्होलँडची जमीन समुद्राकडून मिळवली, तेव्हा जुना किनारा आणि नवी जमीन यांच्यामध्ये हा तलाव उरला. सरासरी खोली जेमतेम दीड मीटर. सुरुवातीला तळ दिसायचा. पुढे सांडपाण्यातून आणि शेतातून फॉस्फरस येत गेला आणि साठच्या दशकाच्या अखेरीस पाणी शेवाळाने हिरवं, गढूळ झालं. १९७९ पासून सांडपाण्यातला फॉस्फरस काढायला लागले, हिवाळ्यात पोल्डरचं पाणी सोडून तलाव धुवायला लागले. फॉस्फरस उतरला. पाणी मात्र वर्षानुवर्षं गढूळच!

गोम होती ब्रासेम नावाच्या माशात. हा कार्पच्याच कुळातला. अळ्यांसाठी तो तळ उकरतो, चिखल वर आणतो. जे सूक्ष्म जीव शेवाळ खातात, ते याची पिल्लं खाऊन टाकतात. पाणी गढूळ म्हणून तळापर्यंत ऊन नाही, ऊन नाही म्हणून वनस्पती नाहीत, आणि वनस्पती नाहीत म्हणून त्यांच्यात दबा धरून बसणारा स्नूक हा शिकारी मासाही नाही. मग ब्रासेमला धाक कुणाचा? आपल्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना फ्लिप-फ्लॉप आठवेल. इनपुट काढून घेतलं तरी तो आपली अवस्था सोडत नाही, उलटा धक्काच द्यावा लागतो. वागेनिंगेनचे प्रा. मार्टेन शेफर यांनी उथळ तलावांचं हेच गणित मांडलं आहे.

इथे धक्का दिला जाळ्यांनी. नव्वदच्या दशकात ब्रासेम मोठ्या प्रमाणावर पकडून काढले आणि काही वर्षांत पाणी निवळलं. तळावर क्रान्सवीर ही पाणवनस्पती सतरंजीसारखी पसरली, पाणी गाळणारे शिंपले वाढले. (आता या भागात वनस्पती बोटींच्या पंख्यात अडकतात म्हणून कुरकुर चालते, तो भाग वेगळा.) थोडक्यात, तलाव सुधारला तो मासे सोडून नव्हे, काढून.

आता विदर्भाकडे वळू. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव, आणि त्यात मासेमारी करणारे ढिवर. तिथे बीज सोडतात ते रोहू, कटला, मृगळ यांचं. हे मासे वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात नाही. १९५७ मध्येच डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात ग्रंथीचा अर्क टोचून कार्पची पैदास घडवली आणि बीज देशभर मिळण्याची वाट खुली झाली. त्या कामाला नावं ठेवायचं कारणच नाही. पण हे बीज दरवर्षी नव्याने विकत घ्यावं लागतं. शिवाय त्याच्या जोडीने येणारा गवत्या पाणवनस्पती फस्त करतो आणि सायप्रिनस थेट ब्रासेमसारखाच तळ उकरतो. उलट मरळ तळ्यातच वाढते, गवतात घरटं करून पिल्लं राखते. बाजारात भावही तिलाच जास्त. पण त्यासाठी गवत हवं!

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातल्या बायांनी काही तलावांत हेच काम केलं आहे. तलावात माजलेली बेशरम मुळासकट उपटायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा, पाऊस आला की स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. अशा तलावांत देशी मासे परत दिसू लागले.

या कामाचा हिशेब बोटुकल्यांसारखा नगावर देता येत नाही, हे खरं. इतके मजुरीचे दिवस, इतका तळ नांगरला, एवढंच कागदावर येईल. म्हणून पहिल्या वर्षाचा सगळा निधी मजुरी, नांगरट आणि लागवड यांवर खर्च व्हावा, असं आम्ही कार्यकारिणीला सुचवत आहोत. बीज घ्यायचंच तर दुसऱ्या वर्षी, ढिवरांच्या सोसायटीला विचारून. आणि त्यात गवत्या व सायप्रिनस नकोत.